वाचकांचे प्रश्न : ‘सिस्टीम फाइल सापडत नाही’

सुट्टी लागली की माळ्यावरचे खोके खाली येतात, जुन्या सीड्या आणि कॅसेटी पुसल्या जातात आणि आमच्याकडे एकाच जातीची पत्रं वाढतात. गेम आहे, इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) आहे, पण पडद्यावर येतं की सिस्टीम फाइल नाही. या वेळी पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आलेली आठ पत्रं घेतली आहेत.

उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण निम्मी पत्रं तिथेच अडकली आहेत. ‘सिस्टीम फाइल’ हे एकच नाव तीन वेगळ्या वस्तूंना लावलं जातं. पहिली वस्तू म्हणजे जुन्या कन्सोलच्या, म्हणजे गेमच्या यंत्राच्या, आतल्या चिपमधला प्रोग्रॅम, अर्थात बायोस. त्यालाच फर्मवेअरही म्हणतात. दुसरी, इम्युलेटरला स्वतःला लागणाऱ्या सोबतच्या फाइली, म्हणजे फाँट, चित्रं, याद्या. तिसरी, विंडोजच्या डीएलएल, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या मदतनीस फाइली. तिन्ही मिळण्याच्या जागा वेगळ्या आणि ठेवण्याच्याही वेगळ्या. म्हणून काहीही डाउनलोड करण्याआधी संदेशात फाइलचं नाव काय आलंय ते अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून घ्या. तेवढ्याने आजार कुठला ते बहुधा कळतं.

इथे फाइलींची नावं देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी (0 ते 9) आकड्यांतच लिहायची. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान लिपीतली समजा.

माझ्याकडे प्लेस्टेशन १ च्या मूळ सीड्या आहेत. त्यांतल्या दोन सीड्या संगणकावर उतरवून घेतल्या. रेट्रोआर्कमध्ये बीटल पीएसएक्स कोअर लावला की ‘फर्मवेअर मिसिंग’ येतं आणि पडदा काळा राहतो. बायोसची फाइल सिस्टीम३२ मध्येसुद्धा टाकून पाहिली. काय चुकतंय?
— एक वाचक, कोथरूड

सिस्टीम३२ मध्ये टाकलेली फाइल आधी तिथून काढा. रेट्रोआर्क म्हणजे अनेक इम्युलेटर एकाच छताखाली चालवणारा प्रोग्रॅम, आणि त्यातला एकेक इम्युलेटर म्हणजे कोअर. रेट्रोआर्क ज्याला ‘सिस्टीम’ म्हणतो ते त्याचं स्वतःचं फोल्डर आहे, विंडोजच्या सिस्टीमशी त्याचा काही संबंध नाही. ते नेमकं कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नका. सेटिंग्जमध्ये डिरेक्टरी उघडा, तिथे ‘सिस्टीम/बायोस’ या ओळीपुढे पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. फाइल थेट त्या फोल्डरमध्ये हवी, त्यातल्या आणखी एखाद्या फोल्डरमध्ये नको. झिप तशीच ठेवलेलीही चालत नाही, ती सोडवून आतली फाइल बाहेर काढा.

आता कोअर लोड करा, गेम लावू नका. मुख्य मेन्यूत इन्फर्मेशन, त्यात कोअर इन्फर्मेशन, आणि तिथे खाली फर्मवेअरची यादी. प्रत्येक नावापुढे ती फाइल आहे की नाही आणि आवश्यक आहे की ऐच्छिक, हे दिसतं. बीटल पीएसएक्सला तीन नावं माहीत आहेत : जपानी सीडीसाठी एससीपीएच५५००.बिन, अमेरिकी सीडीसाठी एससीपीएच५५०१.बिन आणि युरोपीय सीडीसाठी एससीपीएच५५०२.बिन. कोअर सीडीचा प्रदेश ओळखून त्याप्रमाणे फाइल मागतो. घरातला एक गेम चालतो आणि दुसरा काळा पडदा दाखवतो, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

फाइल तिथे आहे, तरी ‘मिसिंग’? मग नाव बारकाईने बघा. विंडोज फाइलच्या शेपटीचा प्रकार लपवतो, त्यामुळे तुम्हाला दिसतं एससीपीएच५५०१.बिन आणि खरं नाव असतं एससीपीएच५५०१.बिन.बिन, किंवा शेवटी .टीएक्सटी चिकटलेलं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिचकी मारा म्हणजे खरं रूप दिसेल. एकच फाइल दोनदा उतरवली असेल तर ब्राउझर नावात कंसात १ घालतो. त्या कंसासकट ती फाइल कोअरच्या लेखी वेगळीच असते.

नाव बरोबर असेल तर वजन करा. प्लेस्टेशन १ चा बायोस नेमका ५१२ केबी, म्हणजे ५,२४,२८८ बाइट असतो. प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ची ओळ बघा, ‘साइज ऑन डिस्क’ची नाही. एक बाइटही कमी-जास्त असेल तर ती फाइल अर्धवट उतरली आहे किंवा भलतीच आहे. वजन जुळलं की ठसा, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा (हॅश), तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल, मग जागा सोडून उणे चिन्हाला जोडून हॅशफाइल, मग फाइलचं नाव आणि शेवटी एमडी५ असं लिहून एंटर दाबा. लिनक्सवर त्यासाठी एमडी५सम आहे. ५५०१ चा ठसा ४९०एफ६६६ई ने सुरू होतो, ५५०० चा ८डीडी७डी५२९ ने आणि ५५०२ चा ३२७३६एफ१७ ने. ही आठ अक्षरं जुळली तर फाइलवर शंका घेऊ नका, दोष दुसरीकडे आहे.

दुसऱ्या मॉडेलच्या फाइलला ५५०१ हे नाव देऊन काम भागवायचा मोह होतो. नाव जुळल्याने ‘मिसिंग’ जाईल, पण आतला प्रोग्रॅम वेगळ्या आवृत्तीचा राहील आणि उद्या एखादा गेम मध्येच अडकला की कारण सापडणार नाही. नाव बदलण्याआधी ठसा बघावा.

आणि काळा पडदा म्हणजे नेहमी बायोस नव्हे. सीडी उतरवली की सहसा दोन फाइली मिळतात, एक मोठी .बिन आणि एक छोटी .क्यू. क्यू ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. पहिल्याच ओळीत अवतरणचिन्हांत बिनचं नाव असतं. तुम्ही बिनचं नाव नंतर बदललं असेल तर क्यू जुन्या नावालाच शोधत बसते. ती ओळ दुरुस्त करा आणि गेम उघडताना बिन नाही, क्यू निवडा.

आमच्या लहानपणी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता. ते कॅसेटचे गेम मुलाच्या लॅपटॉपवर कुठल्याही फाइलशिवाय चालतात. सीडीच्या गेमलाच ही बायोसची भानगड का?
— एक वाचक, निगडी

प्रश्न मुळावर बोट ठेवणारा आहे. कॅसेटच्या आत रॉम चिप असते आणि कॅसेट खाचेत बसली की ती चिप थेट प्रोसेसरच्या तारांना जोडली जाते. चालू केल्याबरोबर प्रोसेसर गेमचीच पहिली सूचना वाचतो, मध्ये कोणी लागत नाही. सीडी अशी वाचता येत नाही. मोटर फिरवायची, लेन्स जागेवर न्यायची, सीडीवरच्या फाइलींची यादी वाचायची, पहिला प्रोग्रॅम मेमरीत आणायचा, हे सगळं गेम सुरू होण्याआधी कोणीतरी करायला हवं. तो ‘कोणीतरी’ कन्सोलच्या आतल्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो. शिवाय गेम सुरू झाल्यावरही तो सुटत नाही. मेमरी कार्डवर लिहिणं, कंट्रोलरची बटणं वाचणं अशी कामं प्लेस्टेशनचे गेम बायोसमधल्या तयार उपकार्यक्रमांकडूनच करवून घेतात.

म्हणून निन्टेन्डोच्या ८ बिटच्या कॅसेटींना काही लागत नाही, पण त्याच यंत्राच्या जपानमध्ये १९८६ साली आलेल्या फ्लॉपीच्या जोडयंत्राला ८ केबीची डिस्कसिस.रॉम लागते. सेगाच्या १६ बिटच्या कॅसेटी तशाच चालतात, त्याच्या सीडीच्या जोडयंत्राला बायोस हवा.

काही इम्युलेटर बायोसचं काम स्वतःच करतात, म्हणजे गेमने मागितलेला उपकार्यक्रम मूळ चिपमधून न चालवता आपल्या पद्धतीने लिहिलेला चालवतात. पीसीएसएक्स रीआर्म्ड या कोअरमध्ये अशी सोय आहे. गेमबॉय ॲडव्हान्सचा एमजीबीए, डीएसचा मेलनडीएस आणि ड्रीमकास्टचा फ्लायकास्ट यांतही आहे. त्यामुळे तिथे फर्मवेअरच्या यादीत ‘मिसिंग’ दिसलं तरी शेजारी ‘ऐच्छिक’ असेल तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक गेम चालतात. काही मात्र अडखळतात, विशेषतः मेमरी कार्डाशी किंवा सीडीच्या वेळेशी नाजूक संबंध असलेले.

विंडोज १० वर इम्युलेटर उघडतच नाही. ‘व्हीसीरनटाइम१४०_१.डीएलएल वॉज नॉट फाउंड’ असं येतं. व्हिज्युअल सी++ चं पॅकेज कंट्रोल पॅनेलमध्ये आधीच दिसतंय. एका साइटवरून ती एक डीएलएल उतरवून टाकली तर आता ०एक्ससी०००००७बी असा नवाच आकडा येतो.
— एक विद्यार्थी, हडपसर

हा तिसऱ्या जातीचा आजार, बायोसशी याचा काही संबंध नाही. नावाच्या शेवटचं ‘_१’ महत्त्वाचं आहे. ही फाइल फक्त ६४ बिट प्रोग्रॅमना लागते आणि २०१५ किंवा २०१७ च्या जुन्या पॅकेजमध्ये ती नव्हतीच, २०१९ च्या वेळी आली. कंट्रोल पॅनेलमध्ये पॅकेज दिसतं आणि तरी फाइल नाही, ते यामुळे.

तुम्ही टाकलेली सुटी डीएलएल पहिल्यांदा पुसा. नवा आकडा तिच्यामुळेच येतोय. ६४ बिट प्रोग्रॅमने ३२ बिटची डीएलएल उचलली की विंडोज नेमका हाच दोष दाखवतो. मग मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलची ताजी आवृत्ती घ्या. २०१५ पासून पुढच्या सगळ्यांसाठी आता एकच पॅकेज असतं. एक्स६४ आणि एक्स८६ अशी दोन्ही बसवा, कारण जुने इम्युलेटर अजून ३२ बिटचे आहेत आणि त्यांना एक्स८६ लागतं. दोन्ही शेजारी शेजारी राहतात, भांडत नाहीत. संगणक बंद करून पुन्हा चालू करा.

संदेशात डी३डीएक्स९_४३.डीएलएल किंवा एक्सइनपुट१_३.डीएलएल असेल तर पॅकेज वेगळं. विंडोजसोबत डायरेक्टएक्स १२ येतं म्हणून लोक निश्चिंत असतात, पण डायरेक्टएक्स ९ च्या या मदतनीस फाइली त्यात नसतात. मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं ‘डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम्स’ बसवा. ते आधी एका फोल्डरमध्ये नुसतं सुटतं. बसवण्यासाठी त्या फोल्डरमधली डीएक्ससेटअप चालवावी लागते आणि नेमकी हीच पायरी राहून जाते.

सुट्या डीएलएल वाटणाऱ्या साइटवरून एकही फाइल घेऊ नका. ती कुठल्या आवृत्तीची, किती बिटची आणि आत आणखी काय आहे हे तपासायला तुमच्याकडे काही साधन नसतं.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बाटोसेरा टाकलंय. सेगा सीडी आणि पीसी इंजिन सीडी दोन्ही ‘बायोस मिसिंग’ म्हणतात. त्याच फाइली विंडोजच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतात. फाइल खराब कशी असेल?
— एक वाचिका, सिंहगड रस्ता

फाइल खराब नाही, बहुतेक अक्षरं चुकली आहेत. विंडोजला लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो आणि बाटोसेरा म्हणजे इम्युलेटरांसाठी बनवलेलं लिनक्सच आहे. सेगा सीडीच्या फाइलीचं नाव बायोस_सीडी_यू.बिन. यात ‘सीडी’ आणि शेवटचं ‘यू’ मोठ्या लिपीत, ‘बायोस’ आणि ‘बिन’ लहान लिपीत. युरोपसाठी शेवटी मोठा ‘ई’, जपानसाठी मोठा ‘जे’. प्रत्येकी वजन १२८ केबी, म्हणजे १,३१,०७२ बाइट. सगळंच मोठ्या किंवा सगळंच लहान लिपीत लिहिलं असेल तर लॅपटॉपवर चालेल आणि पायवर नाही. तुमच्या बाबतीत नेमकं हेच दिसतंय.

विंडोजवर बसून लिपी बदलताना एक अडचण येऊ शकते. फक्त लहान-मोठेपणा बदलला तर काही वेळा नाव बदललंच जात नाही. आधी नावापुढे एखादा आकडा जोडा, मग दुसऱ्यांदा योग्य नाव द्या.

पीसी इंजिनची गोष्ट थोडी वेगळी. सिसकार्ड३.पीसीई ही फाइल २,६२,१४४ बाइटची हवी. तुमची २,६२,६५६ भरली तर तिच्या डोक्यावर ५१२ बाइटची जुनी टोपी आहे. पूर्वीच्या कॉपी करणाऱ्या यंत्रांनी जोडलेली ती माहिती मूळ चिपमध्ये नव्हती. काही इम्युलेटर ती गपचूप बाजूला सारतात. ठसा जुळवून बघणारे मात्र फाइल नाकारतात. हेक्स एडिटरमध्ये (फाइल बाइटबाइटने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पहिले ५१२ बाइट निवडून काढून टाका आणि नव्या नावाने जतन करा. लिनक्सवर टेल या आज्ञेला ‘५१३ व्या बाइटपासून पुढचं दे’ असं सांगितलं तरी काम होतं.

बाटोसेराच्या गेम सेटिंग्जमध्ये ‘मिसिंग बायोस चेक’ आहे. कुठल्या यंत्राची कुठली फाइल नाही आणि कुठल्या फाइलीचा ठसा जुळत नाही, दोन्ही तिथे दिसतं. फाइली यूजरडेटा फोल्डरच्या आतल्या बायोसमध्ये जातात. कोणी रेट्रोपाय वापरत असेल तर तिथे होम, पाय, रेट्रोपाय, बायोस असा रस्ता आहे, आणि त्यात रेट्रोपायचा ‘आर’ आणि ‘पी’ मोठा, ‘बायोस’ पूर्ण मोठ्या लिपीत.

मुस्तफा! नव्वदच्या दशकात पार्लरमध्ये नाणी घालून खेळलोय. आता मेम इम्युलेटरवर लावला तर ‘रिक्वायर्ड फाइल्स आर मिसिंग’. किंग ऑफ फायटर्सचंही तेच. झिप तर पूर्ण आहे.
— एक वाचक, सदाशिव पेठ

आर्केडच्या, म्हणजे पार्लरमधल्या यंत्रांच्या, बाबतीत ‘झिप पूर्ण आहे’ हे वाक्य सगळ्यात जास्त फसवतं, म्हणून जरा सविस्तर.

मेम १९९७ साली आला आणि तेव्हापासून त्याची यादी दुरुस्त होत आली आहे. एखाद्या यंत्रातली चिप नव्याने, अधिक नीट वाचली गेली की त्या गेमच्या झिपमध्ये काय असावं ते बदलतं. म्हणजे झिप ‘पूर्ण’ असते ती एका ठरावीक आवृत्तीपुरती. रेट्रोआर्कमधला मेम २००३ हा ०.७८ आवृत्तीवर आधारलेला आहे, मेम २०१० हा ०.१३९ वर. ०.७८ साठी जुळवलेली झिप आजच्या मेमला अपुरी वाटू शकते आणि उलटही. तुमचा संच कुठल्या आवृत्तीचा ते कळलं की त्या आवृत्तीचा कोअर वापरा. गेम बदलण्यापेक्षा कोअर बदलणं सोपं.

आता तुमचा मुस्तफा. आपल्याकडे पात्राच्या नावाने ओळखला जाणारा हा गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, मेमच्या यादीत ‘डिनो’. याचा आवाज क्यूसाउंड नावाच्या वेगळ्या चिपमधून येतो. जुना मेम त्या चिपचं काम स्वतःच्या हिशोबाने उरकत असे. आताचा मेम त्या चिपच्या आतली डीएल-१४२५.बिन ही फाइलही मागतो, आणि ती डिनोच्या झिपमध्ये नसून क्यूसाउंडच्या नावाने सुरू होणाऱ्या वेगळ्या झिपमध्ये असते. तुमची गेमची झिप खरंच पूर्ण आहे. आवाजाच्या चिपची नाही.

हे कळतं कुठून? संदेश पूर्ण वाचून. मेम कमांड प्रॉम्प्टमधून चालवा, म्हणजे ओळी पळून जाणार नाहीत. प्रत्येक ओळीत आधी फाइलचं नाव, मग ‘नॉट फाउंड’, आणि नंतर कंसात ‘ट्राइड इन’ म्हणून झिपची नावं येतात. कंसातली ती नावं म्हणजे मेमने कुठे कुठे शोधलं त्याची यादी. त्यात तुमच्याकडे नसलेली झिप कोणती, ते बघितलं की उत्तर मिळालं. ‘राँग चेकसम्स’ असेल तर फाइल आहे पण दुसऱ्या आवृत्तीची आहे, ‘एक्स्पेक्टेड’ आणि ‘फाउंड’ असे दोन्ही आकडे शेजारी दिलेले असतात. ‘नो गुड डम्प नोन’ दिसलं तर सोडून द्या, ती फाइल अजून नीट वाचली गेलेली नाही आणि मेम त्यासाठी गेम अडवून धरत नाही.

किंग ऑफ फायटर्स निओ जिओ यंत्रावरचा. त्या यंत्राचा बायोस निओजिओ.झिप या एका झिपमध्ये असतो आणि सगळे निओ जिओ गेम तीच वापरतात. दोन नियम : ती झिप सोडवायची नाही, आणि ती गेमच्या झिपच्या शेजारीच, त्याच फोल्डरमध्ये ठेवायची. एफबीनिओ कोअर वापरत असाल तर तो सिस्टीम फोल्डरमध्येही बघतो, पण शेजारी ठेवलेली सगळीकडे चालते. वरच्या प्लेस्टेशनच्या उत्तरात झिप सोडवा म्हटलंय आणि इथे सोडवू नका, याने गोंधळू नका. आर्केडचे इम्युलेटर झिपच्या आत जाऊन चिपागणिक फाइली वाचतात आणि झिपचं नाव हीच त्यांची खूण असते. त्याच कारणाने झिपचं नाव ‘मुस्तफा’ किंवा ‘केओएफ नवीन’ असं आपल्या सोयीने बदललं की गेम लगेच हरवतो.

शेवटचा मुद्दा पालक आणि प्रतीचा. एकाच गेमच्या वेगवेगळ्या देशांतल्या आवृत्त्या असतात. ‘स्प्लिट’ संचात प्रतीच्या झिपमध्ये फक्त फरकाच्या फाइली असतात, बाकीच्या पालकाच्या झिपमधून घेतल्या जातात. पालक नसेल तर प्रत चालत नाही. संपूर्ण तपासणी करायची तर मेमच्या पुढे उणे चिन्हाला जोडून व्हेरिफायरॉम्स आणि मग गेमचं छोटं नाव लिहा. सगळं ठीक असेल तर ओळीच्या शेवटी ‘इज गुड’ येतं.

फोनवर रेट्रोआर्क आहे. पीपीएसएसपीपी कोअरमध्ये गेम सुरू होतो पण गेममधल्या सूचनांची अक्षरंच दिसत नाहीत. पीएसपीचा बायोस कुठून आणू?
— एक वाचक, वाकड

आणू नका, पीपीएसएसपीपी या पीएसपीच्या इम्युलेटरला बायोस लागतच नाही. तुमच्याकडे दुसऱ्या जातीच्या फाइली नाहीत, म्हणजे फाँट आणि चित्रांच्या. रेट्रोआर्कच्या मुख्य मेन्यूत ऑनलाइन अपडेटर, त्यात ‘कोअर सिस्टीम फाइल्स डाउनलोडर’, आणि यादीतून पीपीएसएसपीपी निवडा. ती झिप उतरून आपोआप सिस्टीममध्ये सुटते. गेमक्यूबच्या डॉल्फिन कोअरलाही असंच फोल्डर लागतं आणि ते याच यादीत आहे.

फोनवर बायोसच्या फाइली हाताने ठेवायच्या असतील तर अँड्रॉइड ११ पासून एक अडचण वाढली आहे. ‘अँड्रॉइड’ फोल्डरच्या आतलं ‘डेटा’ फाइल मॅनेजरला सहजी उघडू दिलं जात नाही. फोनच्या मुख्य साठ्यात स्वतः एक फोल्डर करा, फाइली तिथे ठेवा आणि रेट्रोआर्कच्या डिरेक्टरीमध्ये ‘सिस्टीम/बायोस’चा पत्ता त्यावर वळवा. मुख्य मेन्यूतल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जाऊन ‘सेव्ह करंट कॉन्फिगरेशन’ करायला विसरू नका, नाहीतर ॲप मागून बंद झालं तर पत्ता पुन्हा जुनाच दिसेल.

जुन्या बाजारातून घेतलेलं प्लेस्टेशन २ सुरू आहे. पीसीएसएक्स२ बायोस मागतो. माझ्याच यंत्रातून तो काढता येईल का, आणि ते कायद्याला धरून आहे का?
— एक वाचिका, शनिवार पेठ

काढता येतो, आणि हाच मार्ग आम्ही सुचवतो. पीसीएसएक्स२ मध्ये बायोसची पर्यायी सोय नाही, त्यामुळे खऱ्या बायोसशिवाय तो एकही गेम सुरू करत नाही.

लागणारं सामान : फ्री एमसीबूट (यंत्रावर बाहेरचे प्रोग्रॅम चालवू देणारी सोय) असलेलं मेमरी कार्ड, छोटा पेन ड्राइव्ह आणि बायोसड्रेन नावाचा मोफत प्रोग्रॅम. आधी यंत्राच्या मागचा मॉडेल क्रमांक बघा. ९०००० च्या मालिकेतल्या नंतरच्या यंत्रांवर फ्री एमसीबूट चालत नाही. त्यांच्यासाठी २०२० मध्ये आलेली फ्रीडीव्हीडीबूट ही डीव्हीडीवरून सुरू होणारी पद्धत आहे.

पेन ड्राइव्ह फॅट३२ आणि एमबीआर पद्धतीने फॉरमॅट करा. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर तो दिसणारच नाही, असं धरून चला. प्लेस्टेशन २ चं यूएसबी १.१ आहे, त्यामुळे मोठ्या क्षमतेचे नवे ड्राइव्ह नखरे करतात आणि जुना छोटा बिनबोभाट चालतो. बायोसड्रेनची .ईएलएफ फाइल ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर ठेवा. कार्ड लावून यंत्र चालू करा, यूलाँचईएलएफ हा फाइल मॅनेजर उघडा, ‘मास’ म्हणजे पेन ड्राइव्ह, त्यातली फाइल निवडा. पडद्यावर एकेका चिपची ओळ येत जाते. काम पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत ड्राइव्हला हात लावू नका. मध्येच ओढलेल्या ड्राइव्हवर नाव बरोबर आणि पोट अर्धं अशी फाइल राहते.

मिळालेल्या फाइलींत मुख्य जी असेल ती नेमकी ४ एमबी, म्हणजे ४१,९४,३०४ बाइट असते. तिच्यासोबत .एनव्हीएम आणि .एमईसी अशा छोट्या फाइलीही येतात, सगळ्या एकत्रच पीसीएसएक्स२ च्या बायोस फोल्डरमध्ये टाका. इथे नाव काय आहे याला महत्त्व नाही, तो फाइल उघडून आतून ओळखतो. सेटिंग्जमधल्या बायोसच्या पानावर ‘रिफ्रेश’ दाबा, यादीत प्रदेश आणि आवृत्ती दिसली की ती ओळ निवडा. यादी रिकामीच राहिली तर पुन्हा वजन तपासा.

कायद्याचं म्हणाल तर बायोस हा प्रोग्रॅम आहे आणि त्यावर निर्मात्याचा हक्क आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एए) कायदेशीररीत्या प्रत जवळ असलेल्याला, ती ज्यासाठी दिली आहे त्याच वापराकरता, नष्ट होण्यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करू देतं. त्याच्या मर्यादा त्या शब्दांतच आहेत. मैत्रिणीला पाठवणं किंवा इंटरनेटवर चढवणं यात बसत नाही. दुसऱ्याने चढवलेली प्रत उतरवणंही नाही. इम्युलेटर मात्र स्वतः बेकायदा ठरत नाहीत. कनेक्टिक्स कंपनीने प्लेस्टेशनचा इम्युलेटर काढला तेव्हा सोनीने खटला भरला, आणि २००० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने बायोस उलगडून त्याची कामं नव्याने लिहिणं योग्य वापर ठरवलं.

ज्यांच्याकडे प्लेस्टेशन ३ आहे त्यांना एवढाही खटाटोप नाही. त्याच्या इम्युलेटरला, म्हणजे आरपीसीएस३ ला, लागणारी पीएस३अपडॅट.पीयूपी (सगळी अक्षरं मोठ्या लिपीत) ही फाइल सोनीच्या स्वतःच्या साइटवर उघडपणे ठेवलेली आहे, सुमारे २०० एमबी. इम्युलेटरच्या फाइल मेन्यूत ‘इन्स्टॉल फर्मवेअर’ निवडून ती दाखवली की झालं. कोणी पैसे मागत असेल किंवा .ईएक्सई देत असेल तर घेऊ नका. कुठल्याच कन्सोलचा बायोस .ईएक्सई नसतो.

पीसीएसएक्स रीआर्म्डवर बायोसशिवाय तीन महिने खेळत होतो. आता खरा बायोस टाकला तर जुन्या सेव्ह स्टेट उघडतच नाहीत. सगळी मेहनत गेली का?
— एक विद्यार्थी, चिंचवड

गेली नाही. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणी यंत्राच्या मेमरीत जे जे होतं त्याचं पूर्ण चित्र, आणि त्यात नकली बायोसची अवस्थाही येते. त्यामुळे नकली बायोसखाली जतन केलेली स्टेट खऱ्या बायोसखाली नीट उघडेलच असं नाही.

बायोसची फाइल तात्पुरती सिस्टीम फोल्डरबाहेर हलवा. रेट्रोआर्क पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, जुनी स्टेट लावा आणि खेळातच पुढच्या सेव्हच्या जागेपर्यंत जाऊन मेमरी कार्डवर जतन करा, म्हणजे गेमच्या स्वतःच्या मेन्यूतून. मग बाहेर पडा आणि सेव्हच्या फोल्डरमध्ये गेमच्या नावाची .एसआरएम फाइल बघा. ती १,३१,०७२ बाइटची असेल, कारण प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड १२८ केबीचंच होतं. तारीख आत्ताची आहे ना, एवढं बघून तिची एक प्रत बाजूला ठेवा. आता बायोस परत जागेवर आणा आणि गेम मेमरी कार्डवरून चालू करा. कार्डाला बायोस खरा की नकली याने फरक पडत नाही.

या मधल्या काळात गेमच्या फाइलचं नाव बदलू नका. एसआरएम फाइल गेमच्या नावावरूनच शोधली जाते. पुढे जागा वाचवायला बिन-क्यूची सीएचडी (दाबून लहान केलेली एकच फाइल) करणार असाल तर नव्या फाइलचं मूळ नाव तंतोतंत तेच ठेवा, नाहीतर कार्ड रिकामं दिसेल.